नव्या पेनड्राइव्हमधलं आधीच भरलेलं सॉफ्टवेअर: काय काढायचं, कसं काढायचं आणि कशाला हात लावायचा नाही

नवा पेनड्राइव्ह म्हणजे रिकामा पेनड्राइव्ह, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कित्येकदा आत एखादं सेटअप, दोन-तीन पीडीएफ, कुठल्याशा ॲपची ओळख करून देणारी फाइल असं काहीबाही आधीच बसलेलं असतं. काही पेनड्राइव्ह तर लावला एक आणि 'धिस पीसी'मध्ये दिसले दोन, अशा तऱ्हेचे असतात. त्या दोनपैकी एकावर चक्क सीडीचं चित्र असतं. त्यातल्या फाइलवर डिलीट मारलं तरी ती जात नाही आणि फॉरमॅट मारायला गेलं तर 'राइट प्रोटेक्टेड' म्हणून उत्तर येतं.

मग नवखा माणूस काय करतो? दुसरा जो ड्राइव्ह फॉरमॅट होतो, त्यावरच पुन्हा पुन्हा फॉरमॅट मारत बसतो. पेनड्राइव्ह काढून परत लावला की सीडी हजर. शेवटी 'हा पेनड्राइव्ह खराब आहे' किंवा 'यात व्हायरस आहे' असा निष्कर्ष निघतो आणि नेटवरून कुठलंतरी 'रिपेअर टूल' उतरवलं जातं. खरा घोटाळा तिथे सुरू होतो, कारण अशा टूलांपैकी बरीच धोक्याची असतात.

म्हणून या लेखाचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: आधी ओळख, मग फॉरमॅट. आत दिसणारं सॉफ्टवेअर तीन प्रकारांपैकी एक असतं. साध्या फाइली असतात, त्या पाच मिनिटांत जातात. पेनड्राइव्हच्या चिपनेच उभी केलेली खोटी सीडी असते, तिच्यावर फॉरमॅटची मात्रा चालत नाही. आणि तिसरं म्हणजे कुलूपवाल्या पेनड्राइव्हचं सॉफ्टवेअर, जे काढायचंच नसतं. कुठला प्रकार आहे हे कळलं की निम्मं काम झालं.

सुरुवातीची तयारी

पेनड्राइव्हमध्ये तुमचं काही असेल तर आधी ते कॉम्प्युटरवर कॉपी करून घ्या, आणि कॉपी झालेल्या दोन-चार फाइली उघडूनही बघा. कंपनीने दिलेलं सॉफ्टवेअरसुद्धा एका फोल्डरमध्ये उतरवून ठेवा. आज नको वाटतं, पण उद्या त्यातली एखादी फाइल लागली तर शोधत बसावं लागत नाही.

दुसरं, बाकीचे सगळे यूएसबी ड्राइव्ह, एक्स्टर्नल हार्ड डिस्क, कार्ड रीडर काढून ठेवा. चुकीचा ड्राइव्ह फॉरमॅट होण्याचे प्रकार बहुतेक वेळा दोन-तीन ड्राइव्ह एकदम लावलेले असतानाच घडतात. घरातले लग्नाचे फोटो ज्या डिस्कवर आहेत, ती तर टेबलावरही ठेवू नका.

पायरी 1: आत नेमकं काय आहे ते ओळखा

विंडोजवर असाल तर विंडोजची कळ आणि एक्स एकदम दाबा. जो मेन्यू येईल त्यात 'डिस्क मॅनेजमेंट' निवडा. खिडकीचे दोन भाग दिसतील. वरच्या भागात यादी असते. आपलं लक्ष खालच्या भागाकडे हवं. तिथे प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी असते. 'डिस्क 0' ही बहुधा कॉम्प्युटरची स्वतःची डिस्क, तिला हात लावायचा नाही. तिच्याखाली 'डिस्क 1' किंवा पुढचा आकडा, आणि त्याखाली 'रिमूव्हेबल' असं लिहिलेली पट्टी म्हणजे तुमचा पेनड्राइव्ह. समोर त्याची क्षमता दिसते, तिच्यावरून खात्री करून घ्या.

आता त्याच्याही खाली बघा. 'सीडी-रॉम 0' किंवा 'सीडी-रॉम 1' अशी आणखी एक पट्टी आहे का? आणि तिच्या चौकटीत 'सीडीएफएस' असं लिहिलंय का? सीडीएफएस म्हणजे सीडीवर वापरली जाणारी फाइल रचना. आजकालच्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतोच, त्यामुळे ही पट्टी दिसली की ती पेनड्राइव्हची आहे असं समजायला हरकत नाही. डेस्कटॉपला खरा डीव्हीडी ड्राइव्ह असेल किंवा एखादी आयएसओ फाइल (सीडीची फाइलरूपातली नक्कल) उघडलेली असेल, तर गोंधळ होऊ शकतो. त्यावर सोपा उपाय आहे: ही खिडकी उघडी ठेवूनच पेनड्राइव्ह नीट 'इजेक्ट' करून काढा. त्याच्याबरोबर जी पट्टी गायब होते, ती त्याची.

मॅकवर 'डिस्क युटिलिटी' उघडून 'व्ह्यू' मेन्यूमधून 'शो ऑल डिव्हाइसेस' निवडा, म्हणजे मूळ उपकरणं दिसतात. लिनक्सवर टर्मिनलमध्ये 'एलएसबीएलके' ही आज्ञा द्या. ज्या ओळीत 'टाइप'च्या रकान्यात 'रॉम' असेल ती सीडी. (या लेखातल्या सगळ्या आज्ञा टाईप करताना इंग्रजी अक्षरांतच करायच्या, हे वेगळं सांगायला नको.)

सीडीची पट्टी नसेल तर तुमचं काम सोपं आहे, पायरी 2 कडे जा. असेल तर पायरी 3. आणि पेनड्राइव्ह लावल्याबरोबर पासवर्ड विचारणारी खिडकी येत असेल, किंवा वेष्टनावर हार्डवेअर एन्क्रिप्शनचा (चिपनेच डेटा कुलूपबंद करण्याच्या सोयीचा) उल्लेख असेल, तर आधी पायरी 4 वाचा.

पायरी 2: साध्या फाइली असतील तर

सर्वांत जास्त भेटणारा प्रकार हाच. सॅनडिस्कच्या अनेक पेनड्राइव्हमध्ये 'सिक्युअरॲक्सेस' नावाचं सॉफ्टवेअर भरून येत असे. किंग्स्टनच्या काही डेटाट्रॅव्हलर मॉडेलांत 'यूआरड्राइव्ह' नावाचं असंच एक यायचं. दिसायला ही सॉफ्टवेअर मोठी वाटली तरी पेनड्राइव्हवर त्या निव्वळ फाइली असतात. तुम्ही ठेवलेला फोटो आणि त्या फाइली यांत पेनड्राइव्हच्या दृष्टीने काहीच फरक नाही. निवडा, डिलीट करा, संपलं.

मात्र सिक्युअरॲक्सेसबाबत एक सांभाळायला हवं. त्याचं काम तिजोरीचं आहे: तुम्ही पासवर्ड ठेवता आणि त्यात टाकलेल्या फाइली कूटबद्ध होऊन एका वेगळ्या फोल्डरमध्ये साठतात. ॲपची फाइल उडवली तर तिजोरी तशीच राहते, फक्त उघडायला ते ॲप पुन्हा आणावं लागतं. पण तिजोरीचं फोल्डर उडवलं तर आतलं सगळं गेलं. फोल्डर बाहेरून उघडून पाहिलं तर विचित्र नावांच्या, न उघडणाऱ्या फाइली दिसतात आणि माणसाला वाटतं, हा कचराच आहे. घरातल्या दुसऱ्या कुणी हा पेनड्राइव्ह आधी वापरला असेल तर त्यांना विचारल्याशिवाय डिलीट मारू नका. आणि तुम्ही स्वतः ही तिजोरी वापरत असाल, तर हेही माहीत हवं की 2021 मध्ये तिच्या जुन्या आवृत्तीत पासवर्डपासून किल्ली बनवण्याच्या पद्धतीत कच्चेपणा सापडला होता. त्यानंतर 'प्रायव्हेटॲक्सेस' या नावाने नवी आवृत्ती आली. जुन्या पेनड्राइव्हवर आलेली जुनी आवृत्ती महत्त्वाच्या कागदपत्रांसाठी वापरत राहू नका.

फाइली डिलीट केल्यावरही आत काही लपलेलं राहिलं असेल अशी शंका वाटत असेल तर फॉरमॅट करा. 'धिस पीसी'मध्ये ड्राइव्हवर राइट-क्लिक, मग 'फॉरमॅट'. इथे 'फाइल सिस्टिम' म्हणून एक रकाना असतो, तिथे बरेच जण अडतात, म्हणून थोडं विस्ताराने सांगतो.

एफएटी32 ही सगळीकडे चालणारी रचना. जुना टीव्ही, गाडीतला म्युझिक सिस्टिम, भजनांचा स्पीकर, प्रिंटर, सगळ्यांना ती वाचता येते. पण तिच्यात 4 जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल ठेवता येत नाही. लग्नाचा व्हिडिओ कॉपी करताना पेनड्राइव्हमध्ये जागा असूनही 'फाइल टू लार्ज' असं येतं, त्याचं कारण हे. शिवाय विंडोजची ही फॉरमॅटची खिडकी 32 जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हला एफएटी32 देतच नाही. एक्सफॅटला फाइलच्या आकाराची ही अडचण नाही, आणि विंडोज, मॅक, नवे फोन सगळे ती वाचतात. जुने टीव्ही आणि गाड्या मात्र अनेकदा वाचत नाहीत. एनटीएफएस मॅकवर वाचता येते पण त्यावर लिहिता येत नाही, त्यामुळे पेनड्राइव्हसाठी मी ती सुचवत नाही. गाणी ऐकायची असतील तर 32 जीबीपर्यंतचा पेनड्राइव्ह आणि एफएटी32. कामाच्या फाइली आणि व्हिडिओ असतील तर एक्सफॅट. एवढं धरून चाललात तरी पुरे.

'क्विक फॉरमॅट'ची खूण तशीच राहू द्या. क्विकमध्ये फक्त फाइलींची यादी पुसली जाते, नव्या पेनड्राइव्हला तेवढं बास आहे. पेनड्राइव्ह कुणाला देऊन टाकायचा असेल तेव्हा ती खूण काढा. मग पूर्ण पेनड्राइव्हवर शून्यं लिहिली जातात. वेळ बराच लागतो, पण जुनं काही सहजासहजी परत मिळत नाही.

मॅकवर 'इरेज' करताना वरचं मूळ उपकरण निवडा, आतला भाग नाही, आणि 'स्कीम'मध्ये 'मास्टर बूट रेकॉर्ड' घ्या. दुसरी स्कीम घेतली तर टीव्ही आणि गाडीला तो पेनड्राइव्ह बहुधा दिसणारच नाही.

आता जागेबद्दल. सॉफ्टवेअर काढलं, फॉरमॅट केला, तरी 64 जीबीच्या पेनड्राइव्हवर 59 च्या आसपासच आकडा दिसतो, आणि 'कंपनीने अजून काहीतरी लपवून ठेवलंय' असा संशय येतो. तसं काही नसतं. कंपनी 1 जीबी म्हणजे 100 कोटी बाइट धरते, विंडोज 1024 च्या पटीत मोजतं. त्या हिशेबाने 64 चे 59.6, 32 चे 29.8 आणि 16 चे 14.9 होतात. यातून थोडी जागा फाइल रचनेसाठी जाते. म्हणजे 32 वर 28-29 दिसलं तर निश्चिंत राहा. 64 चा ड्राइव्ह 7 किंवा 14 दाखवत असेल तर मात्र दुसरी भानगड आहे, ती पायरी 6 मध्ये येते.

पायरी 3: खोटी सीडी असेल तर

हा भाग नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त डोकेदुखी इथेच होते.

पेनड्राइव्हच्या आत दोन मुख्य गोष्टी असतात: डेटा साठवणारी फ्लॅश मेमरी, आणि कॉम्प्युटरशी बोलणारी कंट्रोलर चिप. कॉम्प्युटर मेमरीला थेट कधीच हात लावत नाही. चिप जे सांगेल ते खरं मानतो. यूएसबीच्या नियमांत एकाच उपकरणाने स्वतःला एकापेक्षा जास्त ड्राइव्ह म्हणून दाखवायची मुभा आहे. त्यामुळे चिप सांगते, 'माझ्याकडे एक साधा ड्राइव्ह आहे आणि एक सीडी आहे.' कॉम्प्युटर ते मान्य करतो. एका वाड्यात दोन बिऱ्हाडं असावीत तसं हे आहे: तुम्ही तुमच्या खोल्या कितीही झाडल्या तरी शेजारच्या बिऱ्हाडातलं सामान हलत नाही. सीडीवर लिहिता येत नाही हे कॉम्प्युटरला ठाऊक असतं, म्हणून डिलीट, फॉरमॅट, पार्टिशन काढणं यातलं काहीच तिथे चालत नाही. त्या भागाची वाटणी बदलायची तर चिपलाच तिच्या भाषेत सांगावं लागतं, आणि ती भाषा कंपनीच्या टूललाच येते.

या प्रकाराचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे यू3. सॅनडिस्क आणि इस्रायलची एम-सिस्टिम्स या दोन कंपन्यांनी मिळून 2005 मध्ये ते आणलं. पुढच्याच वर्षी सॅनडिस्कने एम-सिस्टिम्स विकत घेतली. कल्पना वाईट नव्हती. आपले प्रोग्रॅम, आपले बुकमार्क पेनड्राइव्हवर घेऊन फिरायचं, कुठल्याही कॉम्प्युटरला लावायचं आणि उठताना मागे काही ठेवायचं नाही. पेनड्राइव्ह लावला की कोपऱ्यात 'लाँचपॅड' नावाचा वेगळा स्टार्ट मेन्यू उघडायचा. सायबर कॅफेच्या त्या काळात याचा उपयोग होताही.

पण लाँचपॅड आपोआप सुरू व्हावं म्हणून ते खोट्या सीडीवर ठेवलेलं होतं, कारण विंडोज सीडीवरचा ऑटोरन, म्हणजे लावताच प्रोग्रॅम आपोआप सुरू करणारी सूचना, मुकाट्याने चालवत असे. याच ऑटोरनचा फायदा पेनड्राइव्हमधून पसरणाऱ्या व्हायरसांनी इतका घेतला की विंडोज 7 मध्ये मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्हचा ऑटोरन बंद केला आणि फेब्रुवारी 2011 मध्ये अपडेटमधून एक्सपी आणि व्हिस्टावरही तो बंद केला. सीडीला मात्र सवलत राहिली, आणि स्वतःला सीडी म्हणवणारा यू3 पेनड्राइव्ह त्या सवलतीतून सुटला. म्हणूनच कपाटात सापडलेला जुना यू3 पेनड्राइव्ह वापरात घेण्याआधी त्यातली सीडी काढून टाका, असं मी आग्रहाने सांगेन. खरेदी करणाऱ्याने न मागितलेली, आपोआप चालणारी गोष्ट त्याच्याच मालकीच्या वस्तूत अशी ठेवायची की त्याला ती काढताच येऊ नये, हे मला आजही पटत नाही.

यू3 ओळखायचं कसं? अंगावर किंवा वेष्टनावर यू3 ची खूण असते, आणि सीडी उघडली की आत 'लाँचयू3' नावाची फाइल आणि 'ऑटोरन' फाइल दिसते. काढायची पद्धत अशी:

1. पेनड्राइव्हमधला सगळा डेटा कॉम्प्युटरवर उतरवा. या कामात तो पुसला जाऊ शकतो.

2. जुनं विंडोज हाताशी असेल तर लाँचपॅड चालू करा. त्यात 'सेटिंग्ज', मग 'यू3 लाँचपॅड सेटिंग्ज', आणि तिथे 'अनइन्स्टॉल'चा टॅब. हे काम कंपनीच्याच प्रोग्रॅमने होत असल्यामुळे तो चिपला बरोबर आज्ञा देतो: सीडी मिटवली जाते आणि सगळी जागा एकाच ड्राइव्हला मिळते.

3. काम चालू असताना पेनड्राइव्ह काढू नका, लॅपटॉपची बॅटरी भरलेली असू द्या. मध्येच वीज गेली आणि चिपची वाटणी अर्धवट राहिली तर पेनड्राइव्ह पुन्हा दिसेलच याची खात्री नाही.

4. संपल्यावर पेनड्राइव्ह इजेक्ट करा, परत लावा आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये सीडीची पट्टी गेली का ते बघा.

सॅनडिस्कने यू3 कधीच मागे टाकलंय, आणि लाँचपॅड हे एक्सपीच्या काळातलं सॉफ्टवेअर असल्यामुळे नव्या विंडोजवर ते अडखळू शकतं. तिथे लिनक्सचा मार्ग खात्रीचा आहे. 'यू3-टूल' नावाची छोटी, मुक्त स्रोत उपयुक्तता डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या आवृत्त्यांच्या सॉफ्टवेअर भांडारात मिळते. उबुंटू कॉम्प्युटरवर बसवायची गरज नाही, 'लाइव्ह', म्हणजे दुसऱ्या पेनड्राइव्हवरूनच, चालवलं तरी चालतं. आधी एलएसबीएलके देऊन पेनड्राइव्हचं नाव बघा, समजा ते 'एसडीबी' आहे. मग 'सुडो यू3-टूल -आय /डेव्ह/एसडीबी' दिलं की ड्राइव्हची एकूण क्षमता आणि सीडीचा आकार समोर येतो. तो दिसला म्हणजे ड्राइव्ह खरोखर यू3 आहे. त्यानंतर 'सुडो यू3-टूल -पी 0 /डेव्ह/एसडीबी'. यातला शून्य म्हणजे सीडीला शून्य जागा. आज्ञा देण्याआधी ड्राइव्हचं नाव पुन्हा एकदा वाचा. इथे एक अक्षर चुकलं तर भलत्याच ड्राइव्हवर काम होईल. यानंतर पेनड्राइव्ह रिकामा मिळतो, तो पायरी 2 प्रमाणे फॉरमॅट करून घ्या.

यू3 नसलेल्या खोट्या सीडीही भेटतात. परिषदा, प्रदर्शनं, शोरूम अशा ठिकाणी फुकट मिळणारे पेनड्राइव्ह बघा: लावला की कंपनीचं माहितीपत्रक उघडतं आणि ते काढता येत नाही. ही सीडी कारखान्यातच चिपच्या टूलने बसवलेली असते. त्या त्या चिपची अशी टूल नेटवर फिरताना दिसतात आणि काही व्हिडिओ ती वापरायला सांगतातही. माझं स्पष्ट मत आहे, नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. टूल नेमक्या त्याच चिपचं हवं असतं, जरा वेगळं पडलं तर पेनड्राइव्ह कायमचा बंद पडतो, आणि ज्या साइटवरून ती उतरवली जातात तिथे व्हायरस घरी येण्याची पुरेपूर शक्यता असते. चार-आठ जीबीच्या फुकट पेनड्राइव्हसाठी एवढी जोखीम घेण्यात अर्थ नाही. सीडीने अडवलेली जागाही बहुधा फारच थोडी असते. पेनड्राइव्ह तसाच वापरा, फक्त शेवटी दिलेली ऑटोप्लेची सेटिंग बदला.

एक्स्टर्नल हार्ड डिस्कमध्येही हाच प्रकार आढळतो. वेस्टर्न डिजिटलच्या काही जुन्या 'माय पासपोर्ट' आणि 'माय बुक' डिस्क लावल्या की 'स्मार्टवेअर'ची सीडी दिसते. ती पुसता येत नाही, पण कंपनीच्याच टूलने लपवता येते, आणि रोजच्या वापरासाठी लपवणं पुरेसं आहे.

आणि घरात जुनं नेटसेटर किंवा डेटा कार्ड पडलं असेल, तर तेही याच जातीचं. सिम टाकून लावलं की ते आधी सीडी म्हणून दिसायचं, त्यातून ड्रायव्हर बसायचा आणि मग ते मोडेम व्हायचं. त्यात काढण्यासारखं काही नाही. लिनक्सवर 'यूएसबी-मोडस्विच' हा प्रोग्रॅम त्याला सीडीतून मोडेममध्ये आणतो.

पायरी 4: कुलूपवाला पेनड्राइव्ह, इथे थांबा

बँका, कंपन्या, सरकारी कार्यालयांत किंग्स्टनचे 'डेटाट्रॅव्हलर व्हॉल्ट प्रायव्हसी' किंवा 'आयर्नकी' असे पेनड्राइव्ह दिले जातात. यांतही एक सीडी दिसते आणि तिच्यात पासवर्ड विचारणारा प्रोग्रॅम असतो. खरा ड्राइव्ह पासवर्ड दिल्यावरच उघडतो. म्हणजे ती सीडी हाच दरवाजा आहे. ती गेली तर आत जायची वाट गेली, म्हणून ती काढायची सोय मुद्दामच ठेवलेली नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. यांत चुकीचा पासवर्ड ओळीने 10 वेळा दिला गेला तर डेटा नष्ट होईल अशी रचना असते. ऑफिसचा पेनड्राइव्ह हातात आला आणि पासवर्ड आठवत नाही, म्हणून अंदाजाने टाकत बसू नका. आयटी विभागाला फोन करा. साधा पेनड्राइव्ह हवा असेल तर साधा विकत घ्या.

पायरी 5: हे कंपनीने भरलेलं नाही, व्हायरस आहे

पेनड्राइव्ह सीलबंद पाकिटातून काढला नसेल, झेरॉक्सच्या दुकानात, प्रिंट काढायला, कॉलेजच्या लॅबमध्ये लावून आणला असेल, तर आत अचानक दिसणारं काहीही कंपनीच्या नावावर खपवू नका. खूण अगदी ठरलेली आहे: तुमची फोल्डर गायब आणि त्यांच्याच नावाचे शॉर्टकट, प्रत्येकावर कोपऱ्यात छोटा बाण. कधी पेनड्राइव्हच्या आत पेनड्राइव्हच्याच नावाचा एकच शॉर्टकट.

त्या शॉर्टकटवर डबल-क्लिक करू नका. व्हायरसला तेवढंच हवं असतं. तुमच्या फाइली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मधून 'हिडन आयटम्स' चालू करा. तरी दिसल्या नाहीत तर फोल्डरच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' ही खूण काढा. मग फाइली दिसतील, बऱ्याचदा बिननावाच्या एका फोल्डरमध्ये सापडतील. त्यांतली फक्त कागदपत्रं, फोटो, गाणी कॉपी करा. ओळखीची नसलेली चालणारी फाइल किंवा स्क्रिप्ट घेऊ नका. पेनड्राइव्हवर राइट-क्लिक करून विंडोजच्या डिफेंडर या अँटिव्हायरसने स्कॅन करा, त्यानंतर फॉरमॅट. आणि कॉम्प्युटरचाही पूर्ण स्कॅन करा, नाहीतर तोच कॉम्प्युटर साफ केलेल्या पेनड्राइव्हला पुन्हा लागण देईल. काम झालं की ती प्रोटेक्टेड फाइलींची खूण परत लावा.

प्रिंटसाठी बाहेर जाताना एक छोटा, वेगळा पेनड्राइव्ह ठेवा आणि त्यात फक्त ती पीडीएफ न्या. आधार, पॅन, पासबुकाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला लावू नका.

पायरी 6: फॉरमॅटही होत नसेल तर

सीडी नाही, व्हायरस नाही, तरी फॉरमॅट अडतोय किंवा क्षमता भलतीच कमी दिसतेय, अशा वेळी विंडोजची 'डिस्कपार्ट' ही आज्ञा कामी येते. स्टार्टमध्ये 'सीएमडी' शोधून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करा आणि डिस्कपार्ट द्या. त्यानंतर क्रमाने:

'लिस्ट डिस्क' दिलं की डिस्कची यादी आणि क्षमता येते. पेनड्राइव्हचा आकडा बघा, समजा तो 1 आहे. 'सिलेक्ट डिस्क 1' द्या. लगेच पुढे न जाता 'डिटेल डिस्क' द्या: पहिल्याच ओळीत उपकरणाचं नाव येतं. ते पेनड्राइव्हचं आहे याची खात्री झाली तरच 'क्लीन' द्या. क्लीन पुन्हा विचारत नाही, एंटर दाबला की त्या डिस्कवरची सगळी विभागणी पुसली जाते. मग 'क्रिएट पार्टिशन प्रायमरी', नंतर 'फॉरमॅट एफएस=एक्सफॅट क्विक', 'असाइन' आणि 'एक्झिट'. लिनक्स बसवण्यासाठी बूटेबल (कॉम्प्युटर ज्यावरून सुरू होतो असा) केलेला पेनड्राइव्ह काही एमबीचाच दिसतो, तोही याने पूर्ववत होतो.

'राइट प्रोटेक्टेड'च येत राहिलं तर आधी पेनड्राइव्हच्या कडेला लॉकची छोटी कळ आहे का बघा, काहींना असते. नसेल तर डिस्कपार्टमध्ये डिस्क निवडून 'ॲट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली' द्या, आणि नंतर नुसतं 'ॲट्रिब्यूट्स डिस्क'. दोन ओळी महत्त्वाच्या: 'करंट रीड-ओन्ली स्टेट' आणि 'रीड-ओन्ली'. दुसरी 'नो' आणि तरी पहिली 'येस' असेल, तर लिहायला नकार विंडोज देत नाही, पेनड्राइव्हच देतो आहे. फ्लॅश मेमरी झिजली की अनेक चिप स्वतःहून लिहिणं बंद करतात, म्हणजे निदान आहे तो डेटा वाचता यावा. अशा पेनड्राइव्हमधून डेटा उतरवून घ्या आणि वॉरंटी असेल तर बदलून मागा. कुठल्याही सॉफ्टवेअरने तो पुन्हा तरुण होत नाही.

उलट प्रकारही असतो. अगदी स्वस्तात घेतलेला '1 टीबी'चा पेनड्राइव्ह क्षमता पूर्ण दाखवतो, पण काही जीबी भरल्यावर पुढच्या फाइली उघडत नाहीत. तिथे चिपच खोटी क्षमता सांगत असते. विंडोजवर 'एचटूटेस्टडब्ल्यू' आणि लिनक्सवर 'एफ3' ही मोफत टूल पूर्ण पेनड्राइव्ह भरून परत वाचून बघतात आणि खरा आकडा दाखवतात. नवा पेनड्राइव्ह ऑनलाइन मागवला असेल तर परतीची मुदत संपायच्या आत ही चाचणी करा.

शेवटची सेटिंग: ऑटोप्ले

सीडी निघाली असो वा नसो, हे करून ठेवा. विंडोज 11 मध्ये 'सेटिंग्ज', 'ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस', 'ऑटोप्ले'. विंडोज 10 मध्ये 'सेटिंग्ज', 'डिव्हाइसेस', 'ऑटोप्ले'. वरचं मुख्य बटण बंद करा, आणि खाली 'रिमूव्हेबल ड्राइव्ह' आणि 'मेमरी कार्ड'समोर 'टेक नो ॲक्शन' निवडा. सीडीसाठीची वेगळी निवड जुन्या 'कंट्रोल पॅनल'मधल्या 'ऑटोप्ले'त सापडते, तिथेही सॉफ्टवेअरच्या ओळीसमोर 'टेक नो ॲक्शन' ठेवा. यानंतर पेनड्राइव्हमध्ये खोटी सीडी असली तरी ती नुसती यादीत दिसेल, स्वतःहून काही उघडणार नाही. घरात दोन-तीन कॉम्प्युटर असतील तर प्रत्येकावर आणि प्रत्येकाच्या लॉगिनमध्ये ही सेटिंग वेगळी बदलावी लागते.